पशुपक्ष्यांच्या निवाऱ्यासाठी निर्धोक लाकूड

खेड्यात कोंबड्यांचे खुराडे, शेळ्यांचा माचा अथवा सशांचा पिंजरा करावयाचा झाला म्हणजे त्यासाठी लाकूड सहसा विकत आणले जात नाही. पडक्या घराची दारे, मोडक्या बैलगाडीच्या फळ्या, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या, बाजाराच्या गावी भंगारात मिळणारी खोकी, असे जे हाती लागेल त्यावर काम भागविले जाते. यात वावगे काही नाही. थोड्या भांडवलात जोडधंदा करणाऱ्या कुटुंबाला हाच मार्ग परवडतो. लाकूड निवडताना शेतकरी दोन गोष्टी मात्र बारकाईने पाहतो : ते वजन पेलील काय, आणि त्याला वाळवी लागेल काय. तिसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. ज्या जनावरासाठी निवारा बांधावयाचा ते जनावर ते लाकूड चाटणार, कुरतडणार, त्यावर रात्रभर बसणार आणि त्याचा वास घेणार. त्यापासून त्यास अपाय तर होणार नाही?

हा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की, टिकाऊपणा आणि निर्धोकपणा हे गुण पुष्कळदा एकमेकांच्या विरोधात असतात. लाकूड न कुजता टिकते याचा अर्थ बुरशी व कीड यांना ते मानवत नाही. त्यांना न मानवणारे द्रव्य एकतर झाडाने स्वतःच त्यात साठविलेले असते, किंवा माणसाने ते बाहेरून मुरविलेले असते. असे लाकूड खांबाला व आढ्याला उत्तम. परंतु तेच गव्हाणीच्या काठाला किंवा सशाच्या पिंजऱ्याला लावले तर वाळवीसाठी असलेले विष जनावराच्या पोटात जाण्याचा संभव असतो. म्हणून एकाच जातीचे लाकूड सबंध निवाऱ्यास वापरण्याचा हट्ट धरू नये. जनावराचे तोंड जेथे पोचत नाही तेथे टिकाऊ लाकूड घालावे; जेथे पोचते तेथे साधे, बिनविषारी लाकूड घालावे, मग ते चार वर्षांनी बदलावे लागले तरी चालेल.

जनावराचा लाकडाशी संबंध

प्रत्येक जनावराचा लाकडाशी येणारा संबंध निराळा असतो. सशाचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणे ही त्याची गरजच आहे. पिंजऱ्याच्या चौकटीचे लाकूड तो आज ना उद्या खाणार हे गृहीत धरावे. शेळी सालीची शौकीन असते. ओल्या फांदीची साल ती दातांनी सोलून काढते, आणि माचाच्या कठड्यालाही तोंड लावते. वासरू चाटते. दूध तोडलेली, किंवा चाऱ्यातून क्षार व स्फुरद पुरेसे न मिळालेली वासरे भिंत, दोर, रंगवलेले दार, जे दिसेल ते चाटीत बसतात. अशा वेळी लाकडाच्या निवडीबरोबरच क्षारमिश्रण सुरू करणेही अगत्याचे असते. कोंबडी लाकूड खात नाही, परंतु तिचे सारे आयुष्य गादीवर, म्हणजे तूस किंवा भुसा यांच्या थरावर, जाते. ती त्यात उकरते, टोचते आणि त्याची धूळ श्वासावाटे आत घेते. यावरून असे दिसून येईल की फळी म्हणून निर्धोक असलेले लाकूड भुसा म्हणून निर्धोक असेलच असे नाही.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील काळ्या अक्रोडाचे लाकूड उंची फर्निचरसाठी नावाजलेले आहे व त्याच्या टेबलखुर्च्यांनी कोणाचे काही बिघडत नाही. परंतु त्याचा भुसा किंवा रंध्याचा कीस घोड्याखाली पसरला तर एक-दोन दिवसांच्या आतच घोड्याच्या खुरांच्या आतील नाजूक पडद्यांना दाह होऊन तो लंगडू लागतो. सबंध गादीत या लाकडाचा हिस्सा पाचवा असला तरी एवढा अपाय होतो. आपल्याकडे हे झाड नाही. पण वखारीतून मिळणारा भुसा कोणत्या लाकडाचा आहे हे विचारण्याची सवय का हवी, हे यावरून ध्यानात येईल.

झाडातील उपजत द्रव्ये

साग घ्या. त्याच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन व तत्सम द्रव्ये असतात आणि वाळवी त्यास सहसा तोंड लावीत नाही ती यामुळेच. याच वर्गातील काही द्रव्यांमुळे सागाच्या भुशात काम करणाऱ्या काही सुतारांच्या अंगावर खाज व पुरळ उठतो. शिसवीच्या भुशानेही तसेच होते. म्हणून सागाचे खांब, वासे, दारांच्या चौकटी खुशाल वापराव्यात. सागाचा व शिसवीचा भुसा मात्र पिल्लांच्या गादीला घेऊ नये. सागाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. हा टिकाऊपणा गाभ्याचा असतो. गाभ्याभोवतीचे फिकट लाकूड कोणत्याही मऊ लाकडासारखेच किडते, आणि कोवळ्या झाडाच्या बल्लीत तेच अधिक असते. 'साग आहे' एवढ्यावर पैसे मोजू नयेत.

देवदार, चीड यांसारख्या सुगंधी, राळयुक्त लाकडांविषयी विशेष सावधगिरी हवी. १९६७ साली अमेरिकेतील एलियट व्हेसेल या संशोधकाने एक मौजेची गोष्ट दाखवून दिली. प्रयोगशाळेतील उंदीर तांबडा सीडर व पाइन यांच्या भुशावर ठेवले असता झोपेच्या औषधाचा अंमल त्यांच्यावर नेहमीपेक्षा कमी वेळ टिकू लागला. भुशातील बाष्पशील द्रव्ये श्वासावाटे शरीरात जाऊन यकृताचे काम बदलून टाकीत होती. उंदीर वरकरणी धडधाकट होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. बंद जागेत, वारा नसताना, असा वास सतत घेणाऱ्या प्राण्याच्या यकृतावर जादा भार पडतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

परदेशांत छंद म्हणून साप पाळणारे लोक पेटीसाठी व पेटीतील अंथरुणासाठी सीडरचे लाकूड कटाक्षाने टाळतात, ते याच कारणास्तव. सापाचे सबंध पोट रात्रंदिवस लाकडाला टेकलेले असते आणि पेटीत वारा थोडा असतो; तेव्हा लाकडाचा दोष तेथे सर्वांत आधी बाधतो. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये येथील साप परवानगीवाचून पकडणे व बाळगणे हा गुन्हा आहे. घरात किंवा खुराड्यात साप निघाला तर त्याला पेटीत ठेवून न घेता वनखात्याला कळवावे. पेटीसंबंधीचा नियम तेवढा आपल्या उपयोगाचा आहे : जागा जितकी बंदिस्त आणि अंगाचा स्पर्श जितका सततचा, तितके लाकूड बिनवासाचे हवे. अंडी उबविण्याची पेटी, पिल्लांची ऊबपेटी आणि सशिणीची विण्याची पेटी या आपल्या घरच्या बंदिस्त जागा होत.

काही झाडे तर निवाऱ्याच्या आसपासही आणू नयेत. कण्हेर व पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी यांचे सर्व भाग हृदयावर घातक परिणाम करणारे आहेत व पाने वाळली तरी त्यांचे विष जात नाही. कुंपणाची कण्हेर छाटून तिच्या काड्या शेळ्यांच्या वाड्यात टाकणे म्हणजे मरण ओढवून घेणे होय. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो हे खेड्यात सर्वांस ठाऊक आहे. त्याचे लाकूड जळणासही जपून वापरतात, मग फळीसाठी कशाला घ्यावे? शेराच्या ओल्या फांद्यांचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस गंभीर इजा होते. गिरिपुष्पाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचा पाला हिरवळीच्या खतास उत्तम व शेळ्याही सवयीने तो खातात; परंतु त्याची साल व बी मध्य अमेरिकेत उंदीर मारण्यासाठी वापरीत आणि आपल्याकडेही त्यास 'उंदीरमारी' म्हणतात ते उगीच नव्हे. जे झाड उंदराला मारते ते सशाच्या दाताखाली देऊ नये. कुंपणाच्या खुंटासाठी ते खुशाल लावावे.

सुबाभळीच्या पाल्यात, बियांत व कोवळ्या सालीत मिमोसिन नावाचे द्रव्य असते. ते ससे व कोंबड्या यांना सोसत नाही. सशांचे केस गळतात. साल पूर्ण काढून वाळविलेले सुबाभळीचे लाकूड चौकटीस चालते, पण ओल्या फांद्या पिंजऱ्यात ठेवू नयेत.

माणसाने मुरविलेली विषे

झाडाच्या उपजत द्रव्यांनी होणारा अपाय बहुधा सावकाश होतो. माणसाने मुरविलेल्या औषधांचे तसे नाही, आणि भंगारातून येणाऱ्या लाकडात खरा धोका याचाच असतो.

लाकूड टिकविण्याचे जगभर पसरलेले एक औषध आपल्याच देशात निघाले. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसन यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक म्हणजे सोमल यांच्या क्षारांचे एक मिश्रण शोधून काढले. ते 'आस्कू' या नावाने प्रसिद्ध झाले. दाबाखाली हे औषध मुरविलेले खांब व फळ्या पावसापाण्यात दशकानुदशके टिकतात. विजेच्या तारांचे खांब, कारखान्यांतील पाणी थंड करण्याचे मनोरे अशा ठिकाणी त्याने मोठे काम केले. परंतु लाकडात सोमल आहे तो आहेच. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी हे औषध उत्पादकांनी थांबविले. असे लाकूड ताजे असता त्यावर हिरवट झाक दिसते. जुने झाले की ती उडून लाकूड करडे पडते आणि साध्या लाकडात व त्यात फरक उरत नाही. वर्षानुवर्षे पावसात राहूनही ज्याला कीड लागलेली नाही असे मऊ जातीचे करडे लाकूड भंगारात स्वस्त मिळाले तर आनंद न मानता संशय धरावा.

या लाकडाचा सर्वांत मोठा धोका ते जाळल्यावर उत्पन्न होतो, म्हणून या ठिकाणी थोडे थांबणे इष्ट आहे. मोडके तुकडे चुलीत घातले की लाकूड जळून जाते, सोमल पुष्कळसा राखेत उरतो. म्हणजे सबंध फळीभर पसरलेले विष मूठभर राखेत एकवटते. राखेला खारट चव असल्याने गुरे ती आवडीने चाटतात. परदेशांत अशी राख चाटून गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. आपल्या खेड्यांतील राखेचे उपयोग लक्षात घेतले तर हा धोका अधिकच वाढतो. कोंबड्यांच्या उवा जाव्यात म्हणून त्यांना राखेत लोळू देतात. परसातील भाजीवर राख धुरळतात. धान्याच्या बियाण्यात राख मिसळतात. कित्येक घरी अद्याप भांडीही राखेने घासली जातात. तेव्हा औषध मुरविलेल्या, रंग दिलेल्या अथवा अज्ञात लाकडाचा एकही तुकडा चुलीत किंवा शेकोटीत जाता कामा नये. हे सांगण्यास घरातील स्त्रियांची बैठक घेतल्यास अधिक उपयोग होईल, कारण चूल व राख दोन्ही त्यांच्या हाती असतात आणि खुराडेही बहुधा त्याच सांभाळतात.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर लिलावात निघतात व त्यांचा जडपणा पाहून गोठ्यासाठी ते घेण्याचा मोह होतो. त्यात क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल, खोलवर मुरविलेले असते. उन्हात ते पाझरते. त्याचा उग्र वास वर्षानुवर्षे जात नाही. डांबर व त्याच्या तेलाने डुकरे दगावतात हे पशुवैद्यकात पूर्वीपासून माहीत आहे, आणि इतर जनावरांचेही कातडे त्याच्या स्पर्शाने भाजते. असे स्लीपर पाटावरच्या साकवाला किंवा बांधाच्या आधाराला लावावेत; गोठ्यात आणू नयेत. जळके ऑइल फासण्याची पद्धतही अशीच त्याज्य समजावी. त्यात यंत्रांच्या झिजेतून आलेले धातू व इतर अपायकारक द्रव्ये असतात आणि वासरू ते चाटते.

पेंटाक्लोरोफेनॉल व त्याच्या कुळातील औषधे लाकडास पूर्वी सर्रास देत. यांचा परिणाम एका अनपेक्षित मार्गाने लोकांच्या ध्यानात आला. १९६० नंतरच्या दशकात युरोपात कोंबड्यांच्या मांसाला व अंड्यांना कुबट, बुरसटलेली चव येऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या. शोध घेता असे आढळले की गादीसाठी घेतलेल्या लाकडाच्या किसात ही औषधे होती; गादीतील बुरशीने त्यांचे रूपांतर दुसऱ्या एका अतिशय उग्र चवीच्या द्रव्यात केले आणि ते कोंबड्यांच्या शरीरात उतरले. कोंबड्या मेल्या नाहीत. माल मात्र नासला. २०१५ साली पेंटाक्लोरोफेनॉलचा समावेश स्टॉकहोम करारातील घातक द्रव्यांच्या यादीत झाला. वाळवीसाठी एके काळी शिफारस केली जाणारी आल्ड्रिन, क्लोर्डेन, लिंडेन ही औषधेही आता आपल्या देशात बंद आहेत. पण औषध बंद झाले तरी ते पाजलेले लाकूड जगात शिल्लक असते.

जुन्या वाड्यांची दारेखिडक्या हा आणखी एक विषय. त्यांचे लाकूड अस्सल असते, यात शंका नाही. परंतु त्यावरील तैलरंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले व २०१७ च्या नोव्हेंबरपासून अंमलात आले. त्यापूर्वीच्या रंगाविषयी खात्री देता येत नाही. वासरांना शिशाची बाधा फार लवकर होते. वासरू आंधळ्यासारखे चालते, दात खाते, भिंतीला डोके लावून रेटते, झटके येतात. रंग खरवडून काढणे हा उपाय घरी करू नये, कारण ती धूळ लहान मुलांना अधिक घातक. अशी दारे जनावरांच्या तोंडापासून दूर, भांडारघराला वापरावीत.

प्लायवुडचे पत्रे डिंकाने जोडलेले असतात आणि हलक्या प्रतीच्या प्लायवुडमधून डोळ्यांस झोंबणारी वाफ बराच काळ निघत राहते. समुद्री प्लायला तर परिरक्षक औषधही मुरविलेले असते. 'वाळवीमुक्त' असे विक्रेता ज्या मालाविषयी अभिमानाने सांगतो, तो माल सशाच्या पिंजऱ्याला व उबविण्याच्या पेटीला नको, एवढे समजावे.

परदेशी मालाबरोबर येणारी लाकडी पॅलेट व खोकी मात्र बरीचशी उपयोगी पडतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यांवर गव्हाच्या ओंबीच्या चित्राचा शिक्का असतो व त्याशेजारी इंग्रजी अक्षरे असतात. 'एच टी' असेल तर लाकूड कीड मरण्यासाठी केवळ तापविलेले आहे : त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता ३० मिनिटे पोचविलेली असते. असे लाकूड घ्यावे. 'एम बी' असेल तर त्यास मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते; हा वायू उडून जातो, तरी पर्याय असताना ते जनावरांसाठी घेऊ नये. शिक्का कोणताही असो, फळीवर तेलाचे अथवा रसायनाचे डाग असतील किंवा औषधांच्या दुकानातून खोके आले असेल तर ते नाकारावे. शिक्का लाकडाची हकीकत सांगतो, त्यावर नंतर काय सांडले ते सांगत नाही. ही लाकडे बहुधा पाइनची असतात. चौकटीला चालतात, बंद पेटीला नकोत.

कोणते लाकूड घ्यावे

एक जुनी खूण येथे उपयोगी पडते. ज्या झाडाच्या लाकडाची काठवट, लाटणे, रवी, मुसळ ही भांडीकुंडी गावात पिढ्यान्‌पिढ्या केली जातात, ते लाकूड जनावराच्या तोंडापुढे ठेवण्यास हरकत नाही. खाटकाचा ओंडका बहुधा चिंचेचा असतो. बाभळीच्या शेंगा व पाला शेळ्यांचे नित्याचे खाद्य आहे. तिचे लाकूड गव्हाणीच्या काठाला, माचाच्या पट्ट्यांना व कठड्याला उत्तम. कडुलिंबाचे लाकूडही शेळ्यांच्या वाड्यास योग्य होय. आंब्याच्या व सावरीच्या फळ्या मऊ व स्वस्त असतात, लवकर किडतात; तरी सशांच्या पेट्या व अंडी घालण्याची खोकी यांस त्याच बऱ्या, कारण त्या वाळल्यावर त्यांस वास राहत नाही व बदलताना जीवावर येत नाही. आंब्याचे लाकूड ओले असता त्याचा चीक अंगावर उठतो, म्हणून ते पुरते वाळवूनच वापरावे. कोकणात ऐन व किंजळ खांबाला, सुरूच्या बल्ल्या छपराला आणि बांबू सर्व किरकोळ कामाला वापरण्याची रीत आहे; ती योग्य आहे. आपल्या मालकीच्या जमिनीतील झाड असले तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यातील अनुसूचित जातींसाठी तोडण्यापूर्वी परवानगी लागते, हे विसरू नये.

लाकूड औषधावाचून टिकविण्याचे मार्ग आपल्या लोकांना पूर्वीपासून अवगत आहेत. बाभळीचे ओंडके व बांबू काही आठवडे ते दोन-तीन महिने ओढ्यात किंवा तळ्यात बुडवून ठेवतात. त्यामुळे लाकडातील साखर व पिष्ठ निघून जाते आणि पोखरणाऱ्या भुंग्यांना खाण्यास काही उरत नाही. वाहते पाणी अधिक चांगले, साचलेल्या पाण्यात लाकडाला घाण येते. नंतर सावलीत, जमिनीपासून दगडांवर उचलून, फळ्यांमध्ये वारा खेळेल अशा रीतीने रचून वाळवावे. ही रास घराला अथवा खुराड्याला लागून करू नये, तीत घोणस व फुरसे यांना आसरा मिळतो. खांबाचे बूड जमिनीत न पुरता दगडाच्या अथवा सिमेंटच्या बैठकीवर उभे केले तर निम्मा प्रश्न सुटतो.

औषध द्यावयाचेच असेल तर छपराखालील लाकडासाठी टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण त्यातल्या त्यात बरे. १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार व २ किलो बोरिक आम्ल विरघळवून त्यात चिरलेला ओला बांबू किंवा पातळ फळ्या आठवडाभर बुडवून ठेवाव्यात व मग पूर्ण वाळवाव्यात. हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून उघड्यावर त्याचा उपयोग नाही. ते निरुपद्रवी आहे असेही समजू नये : द्रावणाचा हौद झाकून ठेवावा, उरलेले पाणी पिकात सोडू नये, कारण जादा बोरॉनने पीक जळते, आणि सशाच्या पिंजऱ्याला तेही देऊ नये. भिंती, खांब व कठडे यांस वर्षातून दोनदा चुन्याची सफेदी करावी. लाकडाला तेल पाजावयाचे तर कच्चे जवसाचे तेल घ्यावे. बाजारात 'उकळलेले' म्हणून मिळणाऱ्या तेलात ते लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात.

साल, भेगा आणि गादी

लाकूड बिनविषारी असले तरी साल तशीच ठेवली तर दुसरे संकट येते. सालीखाली व भेगांत कोंबड्यांच्या गोचिडी दिवसा दडून बसतात व रात्री बाहेर येऊन रक्त पितात. या गोचिडीमुळे स्पायरोकीटोसिस हा रोग पसरतो. कोंबडीला ताप भरतो, हिरवट हगवण लागते, पाय लुळे पडतात. पूर्ण वाढलेली गोचीड अन्नावाचून वर्षाहून अधिक काळ तग धरते. म्हणजे दोन वर्षे रिकाम्या पडलेल्या खुराड्याच्या फळ्या नव्या कोंबड्यांसाठी आणल्या तर रोगही आयता घरात येतो. अशा फळ्यांच्या भेगांवरून बत्तीची ज्योत फिरवावी, भेगा बुजवाव्यात व चुना द्यावा. रंग दिलेल्या किंवा औषधी लाकडावर ज्योत फिरवू नये. कोंबड्यांच्या बसण्याच्या दांड्या दोन इंच रुंद, कडा गोल केलेल्या, रंधलेल्या व काढता येतील अशा असाव्यात. दर कोंबडीस सहा ते आठ इंच जागा धरावी. कडा धारदार राहिल्यास तळव्याला जखम होऊन पाय सुजतो. माचाच्या पट्ट्यांमधील फट मोठ्या शेळ्यांसाठी अर्धा ते पाऊण इंच, करडांसाठी त्याहून कमी ठेवावी.

गादीसाठी भाताचे तूस मिळत असेल तर भुशाच्या नादी लागू नये. भुईमुगाची टरफले चालतात, पण ती भिजलेली नसावीत. लाकडाचा भुसाच घ्यावयाचा तर वखारीत जाऊन, करवतीखाली कोणते लाकूड चालू आहे ते पाहून घ्यावा. जुने दारदरवाजे चिरणाऱ्या ठिकाणचा घेऊच नये. तो वाळलेला, जाडसर व धूळविरहित असावा. पहिले काही दिवस पिल्लांखाली भुशावर वर्तमानपत्र अंथरावे, नाहीतर ती भुसाच टोचून खातात. बुरसटलेल्या भुशाने पिल्लांच्या फुफ्फुसांत बुरशी वाढून ती धापा टाकत मरतात. हातात मूठभर घेऊन दाबले असता गोळा झाला तर गादी ओली आहे; ती उकरून त्यात कोरडा थर मिसळावा.

बाधा झाल्याचा संशय आल्यास

एकाच निवाऱ्यातील अनेक जनावरे अचानक लाळ गाळू लागली, पाण्यासारखी हगवण झाली, अथवा वासराची दृष्टी गेल्यासारखी वाटली, तर साथीच्या रोगाबरोबरच लाकूड, रंग व राख यांचाही विचार व्हावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम जनावरे त्या जागेतून हलवून स्वच्छ पाणी द्यावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. घरगुती काढे पाजण्यात वेळ घालवू नये. गेल्या महिन्यात नवे काय बांधले, फळ्या कोठून आणल्या, शेकोटीत काय जाळले हे घरच्या सर्व माणसांना, विशेषतः मुलांना, विचारावे. राख कोठे टाकली हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. मेलेले जनावर शवचिकित्सेपूर्वी पुरू नये. संशयित फळीचा वीतभर तुकडा व दोन मुठी राख निरनिराळ्या कोरड्या पिशव्यांत बांधून, वर गाव, तारीख व जागा लिहून, पशुवैद्यकाच्या स्वाधीन करावी. उरलेली राख गोळा करून कोरड्या डब्यात बंद ठेवावी, आणि तिच्या विल्हेवाटीबद्दल सूचना मिळेपर्यंत ती उकिरड्यावर किंवा विहिरीच्या बाजूस टाकू नये.